आडात काय उरले आहे, ते आधी मोजावे

ऐरोलीच्या एका महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी मला दोन प्रश्न विचारले आहेत. पहिला असा, की हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेला लांडगा परदेशात पुन्हा जन्माला घातल्याच्या बातम्या येत असतील, तर आपल्या माळढोकासारख्या पक्ष्याला जनुकशास्त्राच्या आधारे का वाचवता येऊ नये. दुसरा अधिक जवळचा आहे. त्यांच्या तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना ठाण्याजवळच्या येऊरच्या बिबट्यांवर ‘डीएनएचा प्रकल्प’ करायचा आहे. त्याचा संवर्धनाला खरोखर काही उपयोग होईल का, असे त्यांनी विचारले आहे. वन्यप्राण्यांच्या डीएनएवर काम करण्यात माझी बावीस वर्षे गेली आणि त्यांतली बरीचशी ठाण्याच्या आसपासच गेली, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

लांडग्याचा विषय आधी संपवू. एप्रिल २०२५ मध्ये कोलोसल या अमेरिकन कंपनीने ‘डायर वुल्फ’ म्हणून जी पिल्ले जगासमोर आणली, ती करड्या लांडग्याच्या पेशीतील १४ जनुकांमध्ये २० बदल करून आणि त्या पेशींपासून तयार केलेले भ्रूण कुत्रीच्या गर्भाशयात वाढवून जन्माला घातलेली आहेत. या दोन प्राण्यांचे वंश काही दशलक्ष वर्षांपूर्वीच वेगळे झालेले असल्यामुळे त्यांच्यातील एकूण फरक वीस बदलांनी भरून निघण्यासारखा नाही. माझ्या मते हा करडा लांडगाच आहे, आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या श्वानकुळावरील तज्ज्ञगटाचेही मत तसेच पडले. यातील काही तंत्रे पुढेमागे उपयोगी पडतील हे मी नाकारत नाही, परंतु आमच्या रोजच्या कामाशी त्यांचा संबंध फार थोडा आहे. उरलेल्या प्राण्यांत जे वैविध्य शिल्लक आहे ते गळू न देणे, एवढेच आमचे काम, आणि ते बरेचसे हिशेबनिसाचे आहे.

वैविध्य गळते कसे, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट कळणार नाही. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. एका प्रतीत दोष असला तरी दुसरी प्रत बहुधा काम निभावून नेते. समूह लहान राहिला की काही पिढ्यांत सगळेच एकमेकांचे नातेवाईक होतात, आईवडील दोघांकडून तीच सदोष प्रत येण्याचा संभव वाढतो आणि एरवी झाकलेले दोष उघडे पडू लागतात. यालाच अंतःप्रजननाचा ऱ्हास म्हणतात. आपल्याकडे सगोत्र सोयरीक कटाक्षाने टाळतात, पण अनेक घरांत मामाची मुलगी चालते. जनुकांच्या हिशेबात मात्र चुलतबहीण आणि मामेबहीण यांच्यात काडीचाही फरक नाही, दोघींशीही सरासरी एक अष्टमांश वाटा सामाईक असतो. हे वर्गात सांगितले की मुले पहिल्यांदा हसतात आणि मग वह्या उघडतात.

दुसरी गोष्ट अशी, की डोकी मोजून वैविध्य कळत नाही. समजा, एका रानात प्रजननक्षम ५० प्राणी आहेत. त्यांत नर ५ आणि माद्या ४५. नर आणि माद्या यांच्या संख्येचा गुणाकार चौपट करून त्याला त्यांच्या बेरजेने भागले की उत्तर १८ येते. म्हणजे जनुकांच्या दृष्टीने हा समूह नर-माद्या सम प्रमाणात असलेल्या १८ प्राण्यांइतकाच आहे. यालाच आम्ही प्रभावी संख्या म्हणतो. अशा समूहातील वैविध्य दर पिढीला सुमारे पावणेतीन टक्क्यांनी घटते आणि दहा पिढ्यांत त्याचा जवळजवळ चतुर्थांश निघून जातो. रानात मात्र या सगळ्या काळात ५० प्राणी हिंडताना दिसत राहतात. १९८० मध्ये जनुकशास्त्रज्ञ फ्रँकलिन यांनी मांडलेला नियम असा, की जवळच्या काळातील अंतःप्रजनन टाळण्यासाठी प्रभावी संख्या किमान ५० आणि दीर्घकाळ टिकण्यासाठी ५०० असावी. पुढे हे आकडे दुप्पट करावेत असेही काहींनी सुचवले. आकडे तारतम्यानेच घ्यावेत, पण कॅमेऱ्यात टिपलेल्या प्राण्यांची संख्या वाढली म्हणून निश्चिंत होऊ नये, एवढे तरी त्यांतून कळते.

मग यावर उपाय काय? सर्वांत सिद्ध झालेला उपाय अगदी साधा आहे: बाहेरचे रक्त आणणे. अमेरिकेतील फ्लोरिडा पँथर, म्हणजे तिथल्या प्यूमा या मार्जारकुळातील प्राण्याचाच एक तुटलेला समूह, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वीस-तीस प्राण्यांवर आला होता. शेपटीला मोड, हृदयाला छिद्र, नरांचे वृषण खाली न उतरणे असे दोष त्यांच्यात वाढत होते. १९९५ मध्ये टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्या गेल्या आणि त्यांपैकी पाच व्याल्या. दोषांचे प्रमाण घटले आणि पुढच्या काळात संख्या शंभराच्या वर गेली. जगभरात जनुकीय बचावाचे उदाहरण म्हणून हेच सांगितले जाते.

आपल्याकडे असा प्रसंग ओडिशातील सिमिलीपालमध्ये आला, आणि त्याचे एक टोक आपल्या ताडोब्यात आहे. सिमिलीपालमध्ये काळसर दिसणारे वाघ आहेत. त्यांचे पट्टे इतके जाड आणि एकमेकांत मिसळलेले असतात, की मधला पिवळा रंग जेमतेम डोकावतो. पर्यटकांना याचे मोठे अप्रूप. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतील उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवून दिले, की याच्या मुळाशी ‘टॅकपेप’ नावाच्या एका जनुकातील एकच बदल आहे. घरातल्या मांजरांच्या अंगावरची नक्षीही याच जनुकावर अवलंबून असते. हा रंग दिसायला दोन्ही प्रती बदललेल्या असाव्या लागतात. इतरत्र जवळजवळ न आढळणारे हे रूप तिथे सर्रास दिसते, याचा अर्थ तिथले वाघ थोड्याच पूर्वजांपासून वाढले आणि बाहेरच्यांशी त्यांचा संबंध तुटला. काळा वाघ म्हणजे पर्यटनाच्या जाहिरातीतले आकर्षण. माझ्यासारखीला तो रक्ततपासणीच्या अहवालात लाल शाईने खूण केलेल्या आकड्यासारखा दिसतो.

त्यावर उपाय म्हणून २०२४ च्या ऑक्टोबरात जमुना आणि नोव्हेंबरात झीनत अशा दोन वाघिणी ताडोब्याहून सिमिलीपालला नेण्यात आल्या. कागदावर आखणी चोख होती, परंतु झीनत तिथून निघाली, झारखंडातून पश्चिम बंगालमध्ये पोहोचली आणि डिसेंबरच्या अखेरीस तिला बेशुद्ध करून परत आणावे लागले. आमच्या संगणकावर ती केवळ वेगळी जनुके असलेली एक मादी होती. रानात ती स्वतःचा मुलूख शोधणारी वाघीण होती. हे भान नसलेला जनुकशास्त्रज्ञ वनखात्याच्या माणसांना फार त्रासदायक ठरतो. तरुणपणी मीही तशीच होते.

बाहेरचे रक्त एकदा आणले की भागते, असेही नाही. अमेरिकेतील आयल रॉयल बेटावर १९९७ च्या सुमारास एक लांडगा गोठलेल्या सरोवरावरून चालत आला. त्याची संतती इतकी जोमदार निघाली, की काही पिढ्यांत बेटावरचा जो तो त्याचाच वंशज झाला आणि अंतःप्रजनन पुन्हा उभे राहिले. २०१८ मध्ये तिथे दोनच लांडगे उरले होते, तेही एकमेकांचे जवळचे नातेवाईक. शेवटी बाहेरून नवे लांडगे आणावे लागले. उलट्या बाजूचा धोकाही असतो. मध्य युरोपातील टाट्रा पर्वतात तिथल्या रानबोकडांच्या कळपात तुर्कस्तान आणि सिनाई भागातील रानबोकड मिसळले गेले. संकरित माद्या लवकर माजावर येऊन ऐन फेब्रुवारीच्या थंडीत व्यायल्या, पिल्ले गारठून मेली आणि कळपच संपला. म्हणून कुणाला कुणाबरोबर मिसळायचे हे केवळ अंतर बघून ठरवत नाहीत. हवामान, विणीचा हंगाम आणि दोन समूह किती काळापासून वेगळे आहेत, हे सगळे पाहावे लागते. प्राणी हलवण्यापूर्वी त्यांचे आपसांतले नाते तपासणे ही तर प्राथमिक गोष्ट, पण गडबडीत तीच राहून जाते.

आणि बाहेर कुणी उरलेच नसेल तर? आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही, ही म्हण आमच्या विषयाइतकी दुसरीकडे कुठे चपखल बसत असेल असे वाटत नाही. काळ्या पायांच्या फेरेटचे उदाहरण यासाठी पाहावे. मुंगसाएवढा हा उत्तर अमेरिकी प्राणी नामशेष झाला असे मानले जात असताना १९८१ मध्ये वायोमिंग राज्यात त्याची एक छोटी वसाहत सापडली. रोगराईमुळे तीही संपत आली, तेव्हा १९८७ पर्यंत शेवटचे १८ प्राणी पकडून आणले गेले. पुढे जन्मलेल्या हजारो फेरेटांचा वंश त्यांतल्या अवघ्या सातांवर आधारलेला आहे. मात्र विला नावाच्या एका मादीच्या पेशी १९८८ मध्ये सॅन डिएगोच्या गोठवणघरात ठेवल्या गेल्या होत्या. तिचा वंश पुढे चालला नव्हता, म्हणजे तिची जनुके जिवंत फेरेटांमध्ये नव्हतीच. त्या पेशींपासून डिसेंबर २०२० मध्ये एलिझाबेथ ॲन ही प्रतिकृती (क्लोन) जन्मली. तिला गर्भाशयाच्या विकारामुळे पिल्ले होऊ शकली नाहीत, पण २०२३ मध्ये जन्मलेल्या अँटोनिया या दुसऱ्या प्रतिकृतीला २०२४ मध्ये पिल्ले झाली. बातम्यांत क्लोनिंगचा गाजावाजा झाला. माझ्या लेखी खरा मान १९८८ मध्ये कातडीचा एवढासा तुकडा जपून ठेवणाऱ्याचा आहे, कारण तेव्हा त्या पेशींचे पुढे काय होईल याची त्याला कल्पना असणे शक्य नव्हते. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या ‘लेकोन्स’ प्रयोगशाळेत आपल्याकडेही वन्यप्राण्यांच्या पेशी, वीर्य आणि ऊती जपण्याचे काम चालते. अशा साठ्यावर होणारा खर्च दिसत नाही आणि त्याचे उद्घाटन करायलाही फारसे कुणी येत नाही.

आता माळढोकाकडे येते. सोलापूरजवळचे नान्नज अभयारण्य १९७९ मध्ये त्याच्यासाठीच घोषित झाले. आज तिथे माळढोक दिसणे ही बातमी होते. देशभरात मिळून दीडशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी पक्षी उरले असावेत, आणि बहुतेक जैसलमेर भागात आहेत. मादी वर्षाला साधारण एकच अंडे घालते. रानातून गोळा केलेली अंडी उबवून जैसलमेर जिल्ह्यातील सम आणि रामदेवरा येथील केंद्रांत पक्षी वाढवले जात आहेत आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. इथे जनुकशास्त्राचे काम वंशावळीच्या नोंदवहीचे आहे: कोणते पिल्लू कोणाचे, कोणत्या नराचे वीर्य आधीच जास्त वापरले गेले, कोणत्या मादीचा वंश अजून पुढे गेलेला नाही. देखणा आणि माणसाळलेला नर पुन्हा पुन्हा वापरण्याचा मोह प्रत्येक प्रजनन केंद्रात होतो. वर दिलेला ५ आणि ४५ चा हिशेब तिथेच लागू पडतो. परंतु माळावरून जाणाऱ्या विजेच्या तारांना धडकून माळढोक मरतात, आणि यावर नोंदवहीत कोणताच उपाय नाही. मेक्सिकोजवळच्या कॅलिफोर्नियाच्या आखातातील वाकिता या छोट्या पॉरपॉइजबद्दल, म्हणजे डॉल्फिनसारख्या सागरी सस्तन प्राण्याबद्दल, तर जनुकांनीच हे सांगितले आहे. जेमतेम दहाच उरलेल्या या प्राण्याचे जनुकीय वैविध्य मुळातच कमी होते आणि घातक दोषही फारसे साठलेले नव्हते, म्हणून जाळ्यांत अडकून होणारे मृत्यू थांबले तर तो सावरू शकेल, असा निष्कर्ष २०२२ मध्ये निघाला. ‘आता उरलेत ते सगळे नात्यातलेच, त्यांचे काही खरे नाही’ ही पळवाट त्या अभ्यासाने बंद केली, आणि जनुकशास्त्राचा हा उपयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

येऊरच्या बिबट्यांचे प्रकरण आणखी वेगळे आहे. येऊर ज्याचा भाग आहे ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचे. तिन्ही बाजूंनी शहर, उत्तरेला घोडबंदर रस्ता, त्यापलीकडे नागल्याचा जंगलपट्टा, मग वसईची खाडी आणि खाडीपल्याड तुंगारेश्वर. हे बिबटे कोंडले गेले आहेत का, हा खरा प्रश्न. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढून माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा नर गळ्यातल्या पट्ट्यामुळे शंभराहून अधिक किलोमीटरपर्यंत मागोवा देत राहिला. महामार्ग आणि रेल्वे ओलांडून, वसईची खाडी पोहून तो नागल्यात पोहोचला. म्हणजे वाट तेव्हा उघडी होती. डिसेंबर २०११ मध्ये त्याच आजोबाचा वाहनाच्या धडकेने मृत्यू झाला. येऊर, तुंगारेश्वर, तानसा आणि माळशेज इथल्या बिबट्यांचे डीएनए शेजारी शेजारी ठेवले, तर ही ये-जा अजून चालू आहे का, हे कळू शकते. ती चालू असेल तर बाहेरून प्राणी आणण्याचे कारणच नाही. वाट राखणे हाच उपाय.

पण दोन खाचखळगे आहेत. जनुकांतला फरक उशिरा दिसतो. रस्ता आज रुंद झाला तर त्याचा परिणाम डीएनएत उमटायला काही पिढ्या जाव्या लागतात, म्हणून ‘दोन्हीकडचे बिबटे जनुकीयदृष्ट्या सारखेच आहेत, सबब रस्त्याचा त्रास नाही’ असे कोणी अहवालात लिहिले तर ते वाक्य खोडावे. दुसरे असे, की २००० नंतरच्या काही वर्षांत बिबटे पकडून भलतीकडे सोडण्याचे प्रकार बरेच झाले; आज एखाद्या बिबट्यात दूरच्या प्रदेशाची खूण सापडली, तर त्याचा पूर्वज चालत आला की पिंजऱ्यातून, हे डीएनए सांगत नाही.

नमुन्याचे काम दिसते तितके सरळ नसते, हे विद्यार्थ्यांना आधीच सांगावे. बिबट्याला हात न लावता त्याचा डीएनए मिळतो तो विष्ठेतून. विष्ठेच्या बाहेरच्या चकचकीत थरावर आतड्याच्या पेशी असतात. तो थर कापसाच्या काडीने हलकेच पुसून घ्यायचा, आतला भाग उकरायचा नाही. ऊन आणि पाऊस दोन्ही डीएनएचे वैरी, म्हणून थंडीतली सकाळ उत्तम. एका वर्षी घाईने मी जुलैत बाहेर पडले. डब्यातले ओलावा शोषणारे निळे सिलिका जेल दोन दिवसांत ओल धरून गुलाबी झाले आणि एकाही नमुन्याने प्रयोगशाळेत दाद दिली नाही. आमच्याबरोबर येऊरच्या पाड्यावरचे एक वनमजूर असत. त्यांना सगळे मामा म्हणत. एका पायवाटेवरची विष्ठा पाहून ते म्हणाले, “ताई, हे वाघाचंच आहे.” तिकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. प्रयोगशाळेतून उत्तर आले कुत्रा. मी मामांना जरा मोठेपणाने तसे सांगितलेही. ते काही बोलले नाहीत. पुढे फक्त बिबट्याच्याच डीएनएला लागू पडणारी चाचणी केली, तेव्हा उलगडा झाला: त्या बिबट्याने कुत्रा खाल्ला होता आणि आमच्या पहिल्या चाचणीने जेवणाऱ्याऐवजी जेवण ओळखले होते. शहराकडेच्या बिबट्यांच्या आहारात भटकी कुत्री मोठ्या प्रमाणात असतात, तेव्हा ही चूक इथे हमखास होते. मामांना मी ते दुसऱ्या दिवशी पाड्यावर जाऊन सांगितले.

या सगळ्याचा विचार करता तृतीय वर्षाच्या मुलांनी बिबट्यापासून सुरुवात करू नये असा माझा सल्ला आहे. राष्ट्रीय उद्यानात विष्ठा गोळा करायलाही वनखात्याची परवानगी लागते, आणि ती मिळाली तरी वर्षभरात हाती येणाऱ्या मूठभर नमुन्यांवरून काही निष्कर्ष काढता येणार नाही. ऐरोलीच्या खाडीतले रोहित पक्षीही (फ्लेमिंगो) या कामासाठी सोडून द्यावेत. ते हजारोंनी येतात आणि त्यांची अडचण पाण्याची आणि चिखलपट्ट्यांची आहे, जनुकांची नाही.

त्याऐवजी तिवरे घ्यावीत. ठाण्याच्या खाडीत तिवर या खारफुटीच्या झाडाचे प्राबल्य आहे आणि कांदळवनांची लागवड करताना रोपवाटिकांत जवळच्या, सहज हाती लागणाऱ्या दोन-चार झाडांखालचे बी गोळा होते. मग हजारो रोपे उभी राहतात, पण सगळी एकमेकांची भावंडे. प्राण्यांच्या बाबतीत जे धोके सांगितले, तेच इथेही. शिवनेरीच्या कड्यावर वाढणाऱ्या शिंदळ माकुडीसारख्या दुर्मीळ वनस्पतीत तर हे अधिकच घडते: फांदीचा तुकडा लावला तरी ती रुजते, म्हणून कुंड्या भराभर वाढतात आणि शंभर कुंड्यांत प्रत्यक्षात झाड एकच असते. विद्यार्थ्यांनी पावसाळ्यात बी पडते तेव्हा रोपवाटिकेच्या लोकांबरोबर जावे, प्रत्येक मातृवृक्षाचे ठिकाण नोंदवावे, एका वाफ्यात किती मातृवृक्षांचे बी आहे ते मोजावे आणि शक्य तितक्या अंतरावरच्या झाडांचे बी सम प्रमाणात मिसळले जाईल असे पाहावे. एवढ्याला डीएनएची गरजही नाही. वनखात्याच्या कांदळवन कक्षाची परवानगी घेऊन प्रत्येक मातृवृक्षाचे एक कोवळे पान कागदी पाकिटात घालून, ते पाकीट सिलिका जेलच्या डब्यात ठेवावे; पाने वाळून वर्षानुवर्षे टिकतात आणि पुढे कोणाकडे निधी आला तर तपासता येतात.

एक शेवटची सूचना. पाकिटावर तारीख, ठिकाण आणि झाडाचा क्रमांक पेन्सिलीने लिहावा. खाडीवरचा दमट वारा शाई पसरवतो, आणि स्पिरिटचा एक थेंब सांडला तर ती पार पुसली जाते. माझ्याकडे असे एक खोके अजून आहे, ज्यातल्या एकाही बाटलीतला नमुना कुठला आहे ते मला सांगता येत नाही.